अखिलेआसांचा दिवस

टेलिफोन कॉफीच्या दुकानातून आला होता. पलीकडचा माणूस ओरडत होता, आणि त्याच्या मागे बायकांचा आक्रोश ऐकू येत होता.

"फौजदारसाहेब, मधवाल्याला कापलं! मधमाश्यांच्या पेट्यांपाशी पडलाय. लवकर या!"

फौजदार स्तेर्गिओसनं घड्याळ पाहिलं. पाच वाजून दहा मिनिटं. मे महिन्याची पंधरा तारीख, संत अखिलिओसचा दिवस, म्हणजे त्या संताचं नाव लावणाऱ्या प्रत्येक अखिलेआसचा नामदिन. सकाळीच तो मधवाल्याच्या घरी जाऊन 'खूप वर्षं जगा' म्हणून आला होता. म्हाताऱ्यानं हसून त्याच्या हातात मुरंब्याची बशी ठेवली होती.

माव्रोलिथी गावाची शेवटची घरं संपली की उतारावर ऑलिव्हची झाडं लागतात. त्यांच्या पलीकडे मधवाल्याच्या निळ्या पेट्या होत्या. त्यातल्या चार उलट्या पडल्या होत्या. मध आणि रक्त एकत्र होऊन दगडांमधून ओघळत होतं, आणि त्यात शेकडो माश्या चिकटून मेल्या होत्या. म्हाताऱ्याची बायको गारूफालिया धुराचं भांडं हातात घेऊन उभी होती. तिनंच धूर देऊन माश्या शांत केल्या होत्या. ती रडत नव्हती.

अठ्ठावन्न वर्षांचा अखिलेआस मधवाला अंजिराखाली उताणा पडला होता. खांदा, मान, चेहरा, सगळीकडे कुऱ्हाडीचे घाव होते. कुऱ्हाड शेजारीच होती, त्याच्याच सरपणाच्या ढिगातली.

स्तेर्गिओस गुडघ्यावर बसला. त्यानं म्हाताऱ्याचा हात उचलला. हात सहज वाकला. जबडाही सैल होता. उन्हाळ्यासारखं ऊन पडलेलं, आणि अंग अजून जिवंत माणसासारखं कोमट. लढाईच्या वर्षांत त्यानं कितीतरी प्रेतं उचलली होती. पण आपल्याला काय कळतं, असं त्याला नेहमीसारखं वाटलं.

घाव इतके, आणि घावांतून रक्त मात्र फार थोडं. सगळं रक्त एका जागेहून आलं होतं. छातीच्या हाडाखाली सदऱ्याला एक चीर होती, बोटाच्या पेराएवढी.

अंजिराच्या बुंध्याशी एक तबक होतं. दोन बश्या, पाण्याचे दोन पेले. एका बशीतला मुरंबा तसाच. दुसरी बशी रिकामी, आणि तिचा चमचा रिवाजाप्रमाणे पाण्याच्या पेल्यात टाकलेला.

"कुणीतरी भेटायला आलं होतं," तो स्वतःशी म्हणाला.

तेवढ्यात डॉक्टर लागूदिस वर चढून आला. सत्तावीस वर्षांचा, देखणा, अबोल. शिक्षण संपल्यावर खेड्यात एक वर्ष काढावं लागतं म्हणून दोन महिन्यांपूर्वी इथं आलेला. सगळं गाव त्याला नुसतं डॉक्टर म्हणायचं. तो वाकला, प्रेत तपासलं आणि उठून रुमालाला हात पुसले.

"कुऱ्हाडीचे घाव. दोनच्या सुमाराला मेलाय."

"दोनला?" स्तेर्गिओस म्हणाला. "अंग अजून गरम वाटतंय मला."

"ऊन लागतंय फौजदारसाहेब. दगडसुद्धा गरम आहेत." डॉक्टरनं कानामागं खाजवलं. तिथं लाल गांधी उठली होती.

"माशी चावली वाटतं?"

"इथं आल्यावर कोण सुटणार?"

स्तेर्गिओसनं मान हलवली. डॉक्टर जास्त शिकलेला होता.

दोन वाजता म्हटल्यावर सगळ्यांना एकच नाव आठवलं.

"पानागोस!" गर्दीतून घाणेवाला अखिलेआस पुढं आला. मेलेल्याचा सख्खा चुलतभाऊ, गावातल्या ऑलिव्हच्या तेलघाण्याचा मालक, बैलासारखा माणूस. आज त्याचाही नामदिन होता, आणि त्याच्या कोटावर सकाळी लावलेला तुळशीचा तुरा अजून होता. "दोन वाजता पानागोस इथं शेळ्यांवरून ओरडत होता. मी माझ्या गच्चीवरून ऐकलंय. अख्ख्या गावानं ऐकलंय!"

"खरंय," बायका म्हणाल्या.

"आणि त्याचं नाव काय? पानागोस. बापाचं नाव काय? पानागोस!" घाणेवाला जमिनीवर थुंकला. "आणखी काय पुरावा हवा तुम्हाला?"

हा पुरावा कसला, हे तिथं कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पहिल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायचं, ही सगळ्यांची रीत. बाप जिवंत असताना त्याचं नाव मुलाला कुणी देत नाही. बाप्तिस्मा व्हायच्या आत बाप मेला, तरच मुलाला बापाचं नाव मिळतं. पानागोस आईच्या पोटात होता तेव्हा त्याच्या बापाला याच उतारावर गोळी लागली होती, आणि ती मधवाल्याच्या घराण्यातल्या कुणाच्या तरी बंदुकीतून. मानी प्रांतात अशा पोराच्या बाप्तिस्म्याला लोक हळू आवाजात बोलतात. त्याचं पुढचं काम, बापाचा सूड, नावासोबतच ठरलेलं असतं.

सहा वाजता स्तेर्गिओसनं पानागोसला चौकीच्या कोठडीत घातलं. सात वाजता घाणेवाला आठ जणांना घेऊन आला. प्रत्येकाच्या खांद्याला शिकारीची बंदूक.

"उद्या अकराला दफन आहे," घाणेवाला म्हणाला. "त्याच्या आधी तो पोरगा आमच्या हाती द्या. माझ्या भावाला मी बदल्याशिवाय मातीत जाऊ देणार नाही."

"कायदा आहे, अखिलेआस."

"कायदा तुमच्या उत्तरेकडे असेल. तुम्ही आणि एक शिपाई. चौकीला लाकडाचं छप्पर आहे, ठाऊक आहे ना? पेटतं ते."

ते गेल्यावर स्तेर्गिओसनं चौकीच्या दाराला अडसर घातला. पेन्शनला एक वर्ष उरलं होतं. त्याच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून चौथ्याला आईनं स्तेर्गिओस हे टिकून राहणाऱ्याचं नाव ठेवलं होतं. तो टिकला. पण बारा वर्षांपूर्वी त्यानं एका मेंढपाळाला पकडून दिलं होतं, सगळं गाव बोट दाखवत होतं म्हणून. मेंढपाळानं तुरुंगात गळफास घेतल्यावर महिन्याभरानं खरा खुनी सापडला. तेव्हापासून कुणाचंही नाव कागदावर लिहिताना त्याचा हात अडखळायचा.

तो कोठडीपाशी गेला.

"दोन वाजता तू तिथं होतास?"

"होतो," पानागोस म्हणाला. त्याचा ओठ फाटला होता. आणताना कुणीतरी मारलं होतं. "शेळ्या त्याच्या झुडपांत शिरल्या. त्यानं मला शिव्या दिल्या, मी त्याला दिल्या. मग मी शेळ्या घेऊन खाली गेलो."

"नंतर?"

"तीनपासून बंदरावर मिठाची पोती उतरवत होतो. दहा माणसांनी पाहिलंय. पण डॉक्टर दोन म्हणतो ना!"

"त्यानं तुला मुरंबा दिला का?"

पानागोस दुखऱ्या ओठानं हसला. "मला? साहेब, त्या घरचं पाणी मी प्यायलो तर माझी आई मला विष देईल. आणि एकदा का प्यायलो, तर मग त्याला हात कसा लावणार? ज्याचं गोड खाल्लं त्याला मारलं, असा हलकट आमच्या घराण्यात अजून जन्मला नाही."

"मारायचं मनात होतं?"

"होतं," पोरगा म्हणाला. "नाव घेऊन फिरतोय ना. पण अजून नव्हतं जमलं."

सकाळी आठला जिल्ह्याची कचेरी उघडते. सातला स्तेर्गिओस मधवाल्याच्या घरी गेला. म्हातारा जेवणाच्या मेजावर ठेवला होता, आणि बायका भोवती बसून विलाप गात होत्या. गारूफालियानं त्याला आतल्या खोलीत नेलं. तिथं मधाचे डबे रचलेले होते.

"काकू, काल ते पेट्यांकडे कधी गेले?"

"दोनला एकदा गेले, भांडून आले. मग थोडं झोपले. साडेतीनला मी उठवलं. तबक घेऊन परत गेले. म्हणाले, दिवसभर कोण ना कोण येत राहणार, वर आलं कुणी तर तोंड गोड करता येईल."

स्तेर्गिओस उभाच राहिला. "साडेतीनला जिवंत होते? काल का नाही सांगितलंत?"

"मला कुणी विचारलं, लेका? सगळे माझ्या वतीनं ओरडत होते."

त्याला स्वतःचीच लाज वाटली. काल तोही विचारायचा राहिला होता.

खिडकीत एक डबा वेगळा ठेवलेला होता. कापडात शिवलेला, दोरीच्या गाठीवर निळं मेण. कापडावर शाईनं लिहिलं होतं: 'येवान्थिया, पिरेअस बंदर, निकेआ वस्ती', आणि खाली गल्लीचं नाव.

"ही कोण?"

गारूफालियानं दार लोटून घेतलं.

"तिघं चुलतभाऊ होते. तिघांनाही एकाच आजोबांचं नाव. माझे हे मधवाले, तो घाणेवाला, आणि तिसरा खलाशी अखिलेआस. बाहेरचा कुणी आला की गोंधळायचा. आम्ही नाही गोंधळायचो, आम्ही धंद्यानं हाक मारायचो. सत्तेचाळीस साली खलाशी आणि घाणेवाला आजोबांचा घाणा कुणाचा यावरून भांडले. एके दिवशी दोघं घाण्यात गेले. एकच बाहेर आला. म्हणाला, गेला तो जहाजावर. तेव्हा आपसातलीच लढाई चालली होती, रोज कुणी ना कुणी मरत होतं. कोण विचारणार?"

"आणि येवान्थिया?"

"त्याची बायको. परगावची, पोटुशी. मुलगा झाला तर घाण्यावर हक्क सांगायला येईल, म्हणून घाणेवाला तिच्याही मागं होता. यांनी तिला जाळ्यांखाली झाकलं आणि होडीत घालून काढून दिलं. त्यानंतर दरवर्षी एक डबा. स्वतःचं नाव न घालता. घाणेवाल्याच्या कानावर जायला नको ना."

"तिला काय झालं? मुलगा?"

"देव जाणे. डबा परत आला नाही कधी, म्हणजे पोचत असावा."

परत येताना चर्चपाशी पाद्रीबाबा भेटले. पूर्वी शाळा शिकवायचे. स्तेर्गिओसनं एकाच नावाच्या तिघांचा आपला गोंधळ बोलून दाखवला, तसे ते म्हणाले, "अखोस म्हणजे दुःख, लाओस म्हणजे लोक, आणि त्यांतून अखिलेआस. ट्रॉयच्या वीराचं नाव आपण उगाच नाही ठेवत. काही पंडित म्हणतात, शत्रूच्या लोकांना दुःख देणारा. पण त्यानं स्वतःच्याच लोकांना काय कमी दिलं?"

"मग ठेवता कशाला असलं नाव?"

"अर्थ बघून कोण ठेवतं? आजोबा परत घरात हवेत म्हणून ठेवतात. तुमच्याकडे नाही?"

"आमच्याकडेही तेच."

"मग झालं. काल माझ्या चर्चमध्ये दोनच अखिलेआस मेणबत्ती लावायला आले. लहानपणी एवढे होते की एक हाक मारली की सहा जण वळायचे."

दोनच. स्तेर्गिओस चालता चालता थांबला. काल गावातला प्रत्येक माणूस दोन्ही घरी जाऊन शुभेच्छा देऊन आला होता. डॉक्टरही आला होता, नवे तपकिरी बूट घालून. घाणेवाल्यानं त्याला नेहमीचा प्रश्न विचारला होता: "आमच्यात बसलास खरा, पण तू कुणाचा रे?" डॉक्टर हसून म्हणाला होता, "मेलबर्नच्या दुकानदाराचा. हे बूट माझ्या बापानंच धाडलेत." सगळे हसले होते. पण डॉक्टरचा नामदिन कधी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं कधी सांगितलं नव्हतं, आणि दवाखान्याच्या पाटीवर नुसतं आडनाव होतं. काल लिहिलेल्या, दोनची खोटी वेळ घातलेल्या मृत्यूच्या दाखल्यावरसुद्धा.

आठ वाजून पाच मिनिटांनी त्यानं जिल्ह्याला टेलिफोन लावला.

"माव्रोलिथीच्या डॉक्टरची नेमणूक बघा हो. पूर्ण नाव, बापाचं नाव, आईचं नाव."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. कारकुनानं तीन नावं वाचली. स्तेर्गिओसनं ती लिहून घेतली, आणि या वेळी हात अडखळला नाही.

मग तो दवाखान्याच्या मागच्या अंगानं गेला. डॉक्टर रुग्ण तपासत होता. त्याच्या पायात आज जुन्या चपला होत्या. पाण्याच्या टाकीखाली, विटांच्या मागे, गोणपाटात गुंडाळलेले तपकिरी बूट सापडले.

साडेदहाला शवपेटी चर्चच्या अंगणात आली. पानागोस चौकीतून निघाला तो फौजदार आणि शिपायाच्या मधून, बेड्या घालून. त्याला बघताच गर्दी गुरगुरली. त्याच्या आईनं किंकाळी फोडली. कुणीतरी दगड मारला. तो पोराच्या कपाळावर बसला आणि रक्त डोळ्यात उतरलं.

"आणलात!" घाणेवाला म्हणाला. त्यानं बंदूक खांद्यावरून काढली. "शहाणे आहात."

"पाच मिनिटं ऐका," स्तेर्गिओस म्हणाला. "माझं चुकलं तर मी बाजूला होतो. मग जे करायचं ते करा."

"बोला. भाऊ तसाही आता थांबलेलाच आहे."

"मधवाल्याला दोन वाजता कुणी मारलेलं नाही. साडेतीनला त्याच्या बायकोनं त्याला झोपेतून उठवलंय. साडेपाचला मी त्याचा हात धरला तेव्हा तो वाकत होता; दोनला मेला असता तर अंग ताठरू लागलं असतं. पानागोस तीनपासून बंदरावर होता, दहा जणांसमोर. बंदरावरचे लोक इथंच आहेत, विचारा."

"खरंय," एक कोळी म्हणाला. "पोतं माझ्या पायावर पाडलं गाढवानं."

"कुऱ्हाडीनं तो मेला नाही. छातीखाली एक बारीक वार आहे, खालून वर, सरळ काळजात. सगळं रक्त तिथून गेलं. कुऱ्हाड नंतर चालवली, मेलेल्यावर. रागानं तोडलाय असं वाटावं म्हणून. बंदूक आणि कुऱ्हाड चालवणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पण एका टोचणीत काळीज गाठणारा या गावात एकच आहे."

माना हळूहळू वळल्या. डॉक्टर सायप्रसच्या झाडाखाली उभा होता.

"काय बोलताय?" तो म्हणाला. "मी तुमच्यानंतर वर आलो."

"तुम्ही आलात तेव्हा काकूंनी माश्या धुरानं गप्प केल्या होत्या. मला एकही चावली नाही. तुमच्या कानामागची गांधी त्याआधीचीच होती."

"धूर दिला तरी एखादी माशी चावतेच!"

"बरं, बूट कुठायत तुमचे? मेलबर्नचे?"

स्तेर्गिओसनं गोणपाट उलगडलं. टाचांना मध चिकटला होता, मधात माश्या, आणि शिवणीत वाळलेलं काळं रक्त. त्यानं एक बूट उलटा केला. "आत शिक्का अथेन्सच्या दुकानाचा आहे. मेलबर्नला बाप नाही. कुठंच नाही." त्यानं खिशातून कागद काढला. "तुमचं नाव अखिलेआस लागूदिस. काल तुमचाही नामदिन होता. दोन घरी शुभेच्छा दिल्यात, मुरंबा खाल्लात, आणि कुणालाही सांगितलं नाहीत. असं आपल्याकडे कोण करतं?"

गर्दीत कुजबुज झाली.

"आईचं नाव येवान्थिया. आणि बापाचं नाव?" त्यानं घाणेवाल्याकडे पाहिलं. "काल तुम्हीच सांगितलंत ना, पोराचं आणि बापाचं नाव एक असलं की काय समजायचं? बाप अखिलेआस, मुलगा अखिलेआस. बाप्तिस्म्याआधीच बाप गेला. आडनाव आजोळचं लावलंय. हा खलाशी अखिलेआसचा मुलगा आहे."

घाणेवाल्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं.

डॉक्टर पुढं आला. "हो. त्याचाच. आईनं सत्तावीस वर्षं तोंड उघडलं नाही. गेल्या हिवाळ्यात मरताना एवढंच म्हणाली, 'तुझ्या बापाला अखिलेआसनं मारलं, त्याच्याच चुलतभावानं.' मी हे गाव मागून घेतलं. इथं सुडाचं बोट मधवाल्याच्याच घराकडे होतं, म्हणून तोच तो असं मी धरलं. काल वर गेलो. म्हाताऱ्यानं बशी हातात दिली. नको म्हटलं असतं तर संशय आला असता. मी खाल्ली. तो माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, 'पोरा, तू कुणासारखा तरी दिसतोस,' आणि गालाला हात लावायला पुढं झाला. तेव्हा मी सुरी घातली. या पोरानं दोनला भांडण केलेलं मी खिडकीतून ऐकलं होतं. बाकी तुम्हाला कळलंच आहे. मी बापाचं देणं फेडलं, आणि तुमच्याच रीतीनं."

"नाही," स्तेर्गिओस म्हणाला. "आमच्या रीतीनं असतं तर आधी विचारलं असतं, कुठला अखिलेआस."

डॉक्टरला कळलं नाही.

गारूफालिया पेटीपासून उठून आली. तिच्या हातात कापडात शिवलेला डबा होता. तिनं तो त्याच्यासमोर धरला. त्यानं निळं मेण पाहिलं, मग पत्ता.

"हा..." तो म्हणाला. "हा दरवर्षी यायचा. आई म्हणायची, देवानं पाठवलाय."

"यांनी पाठवलाय," ती म्हणाली. "तुझ्या आईला होडीत घालणारे हे. तुझ्या बापाबरोबर घाण्यात गेला तो अखिलेआस वेगळा."

डॉक्टरनं पेटीतल्या चिरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडातून निघालेला आवाज माणसाचा वाटला नाही.

त्याच क्षणी घाणेवाल्यानं बंदूक वर केली. नळी डॉक्टरच्या छातीवर होती. स्तेर्गिओसनं घाणेवाल्यावर झेप घेतली, दोघं दगडी फरशीवर कोसळले, आणि बार उडाला.

धूर विरल्यावर दिसलं की घाणेवाल्याची मांडी आतून उघडली होती. रक्त उसळ्या मारून येत होतं. त्यानं हातानं दाबलं, तरी बोटांमधून ते उडत राहिलं.

"डॉक्टर!" त्याचा मुलगा ओरडला. "डॉक्टरला बोलवा!" आणि मग कुणाला बोलावतोय ते ध्यानात येऊन तो गप्प झाला.

जवळचा दुसरा डॉक्टर दोन तासांच्या वाटेवर होता. ही जखम दोन मिनिटंही थांबणारी नव्हती.

डॉक्टर उभा होता. मग तो गुडघ्यांवर आला, आपली मूठ त्या जखमेत मनगटापर्यंत खुपसली आणि दाबून धरली. घाणेवाला गुरासारखा हंबरला. रक्त थांबलं.

"पट्टा द्या कुणीतरी," डॉक्टर म्हणाला. मग वाकून, अगदी चेहऱ्याजवळ: "मी हात काढला तर तू मरशील. काढू?"

"नको..."

"मग सांग. कुठं टाकलास त्याला?"

घाणेवाल्याचे ओठ पांढरे पडले होते. "घाण्याच्या... दगडाखाली."

एक बाई ओकली. अठ्ठावीस वर्षं सगळ्या गावानं त्याच दगडाखालचं तेल पावाला लावून खाल्लं होतं.

डॉक्टरनं हात काढला नाही. पट्टा आवळून होईपर्यंत त्यानं मूठ तशीच धरली, आणि मगच दोन्ही लाल हात बेड्यांसाठी पुढं केले. स्तेर्गिओसनं पानागोसच्या मनगटातल्या बेड्या सोडवल्या. पानागोसनं डोळ्यातलं रक्त पुसलं, पेटीकडे एकदा पाहिलं, आणि आईचा हात धरून तो उतारानं खाली गेला.

चाळीस दिवसांनी मधवाल्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना होती. साखर आणि बदाम घातलेल्या उकडलेल्या गव्हाचं ताट वेदीपुढे होतं. स्तेर्गिओस मागच्या रांगेत टोपी हातात धरून उभा होता. घाण्याचा दगड उचलून काढलेली खलाशाची हाडं आठवड्यापूर्वीच आजोबांशेजारी पुरली होती.

गारूफालियानं नावांची चिठ्ठी पाद्रीबाबांकडे दिली. एका बाजूला मेलेले, एका बाजूला जिवंत. त्यांनी चष्मा लावला.

"काकू, मेलेल्यांत एकच नाव दोनदा लिहिलंत."

"दोन्ही वाचा."

"आणि जिवंतांतही तेच?" पाद्रीबाबा खालच्या आवाजात म्हणाले. "हा कुठला? इस्पितळातला, की तुरुंगातला?"

म्हातारीनं काळा रुमाल डोक्यावर नीट ओढून घेतला.

"तुम्ही नाव वाचा, बाबा. देवाला टोपणनाव सांगावं लागत नाही."